हार नसलेला फोटो

सोलापूरच्या नवी पेठेतल्या फ्रेम करून देणाऱ्या दुकानदाराने काचेवर फुंकर मारली, ती कापडाने पुसली, मागचा पुठ्ठा बारीक खिळ्यांनी ठोकून बसवला आणि मान वर न करताच विचारले, "हार लावून देऊ का ओ बाई? चंदनाचा हाय, वाळत न्हाई." मी नको म्हटले. किमतीमुळे नको म्हणते आहे असे समजून त्याने भाव कमी केला. शेवटी मला सांगावे लागले की हा माणूस नाटकातला आहे, आणि नाटकातही तो मेलेला नाही, फक्त घर सोडून गेलेला आहे. दुकानदाराने एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "मग भिंतीवर कशाला लावता ओ?" तो म्हणाला.

पुढचे दोन महिने आमच्या तालमीत याच प्रश्नाभोवती चर्चा होत राहिली.

आमचे मंडळ हौशी आहे. दिवसा कोणी बँकेत असतो, कोणी शाळेत, एक जण यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो; संध्याकाळी सात वाजता एका शाळेच्या वर्गातली बाके भिंतीला सारून तालीम सुरू होते. गेली कित्येक वर्षे प्रॉपर्टीचे काम माझ्याकडे आहे, म्हणजे रंगमंचावर लागणारी कपबशीपासून कंदिलापर्यंतची प्रत्येक वस्तू शोधून आणणे, ती वेळेवर जागेवर ठेवणे आणि प्रयोगानंतर ज्याची त्याला परत करणे. या वेळी आम्ही टेनेसी विल्यम्स यांच्या 'द ग्लास मेनाजरी' या नाटकाचे आमच्यातल्याच एकाने केलेले रूपांतर घेतले होते. मूळ नाटक डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत रंगभूमीवर आले आणि १९४५ मध्ये न्यूयॉर्कला गेले. ते घडते १९३० च्या दशकातल्या सेंट लुईस शहरात, एका कोंदट भाड्याच्या घरात. आई अमँडा, चपला-बुटांच्या गोदामात काम करणारा मुलगा टॉम, पायाने किंचित अधू आणि कमालीची बुजरी मुलगी लॉरा, आणि एका संध्याकाळपुरता जेवायला येणारा टॉमचा सहकारी जिम, एवढीच माणसे रंगमंचावर येतात. परंतु टॉम आरंभीच प्रेक्षकांना सांगून टाकतो की या नाटकात पाचवे पात्रही आहे. ते भिंतीवरच्या मोठ्या फोटोखेरीज कुठेही दिसणार नाही. आणि ते म्हणजे आमचे वडील.

रूपांतरात हे घर सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत आले होते. घर सहज आले; अडचण आली ती फोटोची. मूळ संहितेत तो माणूस पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाच्या टोपीत आहे आणि हसतो आहे, आणि ते हसू नाटकभर घरावर लक्ष ठेवून असते. मला जुन्या धाटणीचा, हसऱ्या चेहऱ्याच्या तरुण पुरुषाचा फोटो हवा होता. मी पाच-सहा घरांतल्या ट्रंका उघडायला लावल्या. आपल्याकडच्या त्या काळातल्या फोटोंत कोणी हसत नाही. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर, स्टुलावर हात टेकून, सगळे पुरुष कोर्टात साक्षीला उभे राहिल्यासारखे उभे असतात. अखेरीस मंडळातल्याच एका मुलाला जुना कोट घालून हसवले, त्याचा कृष्णधवल फोटो काढला आणि मोठा करून घेतला.

दुसरी अडचण भाषेची होती, आणि ती अधिक खोल होती. रूपांतरकाराने टॉमच्या तोंडी लिहिले होते, "आमचे वडील सोळा वर्षांपूर्वी गेले." पहिल्याच वाचनाला दिग्दर्शक थांबला. मराठीत वडील 'गेले' म्हणजे वारले. मग 'निघून गेले' करून पाहिले. तेही तसेच ऐकू येत होते. 'सोडून गेले' तर शोकसंदेशात छापतात. 'पळून गेले' म्हटल्याबरोबर वाचनाला बसलेल्या सगळ्यांच्या मनात दुसरी बाई उभी राहिली, आणि मूळ नाटकात दुसऱ्या बाईचा उल्लेखच नाही. तिथला बाप टेलिफोन खात्यातला माणूस आहे आणि तो लांबच्या अंतरांच्या प्रेमात पडला, एवढेच कारण टॉम देतो. इंग्रजीत ती लांबच्या फोनवरची कोटी आहे. आमच्या रूपांतरकाराने तिच्यासाठी "ट्रंक कॉल जोडता जोडता एक दिवस ट्रंक उचलून चालते झाले" असे वाक्य काढले, आणि माझ्या मते संपूर्ण रूपांतरातले ते सर्वांत चांगले वाक्य आहे. 'चालते झाले' या शब्दांनी प्रश्न सुटला. मेलेला माणूस चालता होत नाही.

परंतु वाचनाला बसलेल्यांपैकी मी एकटीच असावी जिला तो प्रश्न केवळ शब्दाचा वाटला नाही. माझ्या लहानपणी शेजारणी आईला विचारत, "मालक कुठं असतात?" आणि आई म्हणे, "भिवंडीला गेलेत." नव्वदीच्या दशकात माझे वडील, अण्णा, कामाला होते ती गिरणी बंद पडली. चाळीतली बरीच माणसे यंत्रमागावर लागली, काहींनी भाजीची गाडी घातली, काही रात्रीच्या मुंबईच्या गाडीने कल्याणला उतरून भिवंडीला गेली. अण्णा त्यांतले. तीन वर्षे मनीऑर्डर येत होती, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला ते स्वतःही येत होते. मग मनीऑर्डर दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी येऊ लागली आणि एका वर्षी आलीच नाही. 'गेलेत' हा शब्द मात्र आईने बदलला नाही. त्या शब्दाखाली सगळे झाकले जात होते.

नाटकातल्या बापाचे शेवटचे पत्र मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या माझात्लान गावाहून आलेले आहे. त्या चित्रमय कार्डावर 'हॅलो' आणि 'गुडबाय' असे दोनच शब्द आहेत, आणि पत्ता नाही. मला नेहमी वाटते की तो पत्ता नसणे हा या नाटकाचा कणा आहे. ज्या माणसाला उत्तर पाठवता येत नाही त्याच्याशी भांडताही येत नाही. आणि भांडण तर शिल्लक असते. मग ते घरातल्या घरात, हाताशी असेल त्याच्या नावावर चढते. अमँडा टॉमला उशिरा येण्यावरून, सिनेमाला जाण्यावरून, पिण्यावरून बोलते. ती मुलाला बोलते हे आपल्याला दिसते, पण तिची प्रत्येक तक्रार सोळा वर्षे जुनी असते. तू मला तुझ्या बापाची आठवण करून देतोस, तोही असाच काही न सांगता रात्र रात्र बाहेर असायचा, असे ती एकदा उघड म्हणतेही. आमच्या संहितेत इथे "अगदी बापावर गेलास" असे साधे वाक्य होते. आईचे काम करणाऱ्या बाईंनी ते तालमीत पहिल्यांदा म्हटले तेव्हा मला वाटले की या नाटकासाठी मराठी भाषा इंग्रजीपेक्षा अधिक सोयीची आहे. बापावर जाणे म्हणजे त्याच्यासारखे होणे. आणि हा बाप तर गेलेलाच आहे. ज्या मुलाला रोज 'बापावर गेलास' असे ऐकवले जाते, त्याला घरातून बाहेर पडण्याचा रस्ताच जणू दाखवला जातो. टॉम शेवटी तोच रस्ता धरतो. विजेच्या बिलाचे पैसे तो खलाशांच्या संघटनेच्या वर्गणीत भरून टाकतो, आणि ज्या रात्री लॉरासाठी पाहुणा जेवायला आलेला असतो त्याच रात्री घरातले दिवे जातात.

नाटक वारंवार वाचताना माझ्यासारख्या वस्तू सांभाळणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट दिसली. त्या घरात बापाची वाटणी झालेली आहे. लॉराच्या वाट्याला त्याने मागे ठेवलेल्या, झिजलेल्या तबकड्या आल्या आहेत. कोणी अवघड काही विचारले की ती ग्रामोफोनला चावी देते. टॉमच्या वाट्याला त्याचे पाय आले आहेत. आणि अमँडाच्या वाट्याला टेलिफोन! नवरा टेलिफोनच्या नोकरीतून पळाला आणि बायको त्याच टेलिफोनवर ओळखीच्या बायकांना मासिकांच्या वर्गण्या विकून घर चालवते. लेखकाने ते कुठे अधोरेखित केलेले नाही. एका प्रवेशात तर ती अंगावर एक जुना, तिच्या किरकोळ देहाला फार मोठा होणारा झगा घालून येते, आणि रंगसूचनेत म्हटले आहे की तो त्या बेइमान नवऱ्याचा आहे. म्हणजे दिवसभर ज्याच्या नावाने बोटे मोडायची, त्याच्याच कपड्यात घरात वावरायचे.

त्या झग्याचे सोलापुरात काय करायचे, हा प्रश्न प्रॉपर्टीचा म्हणून माझ्याकडे आला. कोणी शाल सुचवली, कोणी स्वेटर. मी म्हटले, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. शेतात, बांधकामावर, भट्टीपुढे काम करणाऱ्या बायका तसा घालतातच, त्यामुळे कोणाला वेगळे काही वाटणार नाही, आणि ज्याला पाहायचे आहे त्याला दिसेल. माझी आई शाळेच्या गणवेशांची शिलाई घरी आणत असे. पहाटे पाणी भरताना आणि चुलीपुढे ती अण्णांचा गिरणीतला खाकी शर्ट साडीवर घाली. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. मनीऑर्डर बंद झाल्यावरही तिने तो घालणे सोडले नाही. कापड घट्ट आहे, वाया कशाला घालवायचे, असे तिचे म्हणणे होते.

अण्णांची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली असे. ती कोणी चालवत नव्हते, तरी महिन्यातून एकदा दादाने कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्यात हवा भरून आणायची, असा आईचा दंडक होता. पुढे दादा रात्रीच्या कॉलेजला जाऊ लागला तेव्हा तीच सायकल त्याच्याकडे आली, आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तो सायकलवरून गल्लीच्या तोंडाशी वळताना दिसला की घरात आल्यावर त्याला काही ना काही कारणाने बोलणी बसत. उशीर झालेला नसला तरी उशिरासाठी, आणि दप्तर कुठे टाकले म्हणून. पाठमोरा तो हुबेहूब अण्णांसारखा दिसत असे, हे कारण मला फार उशिरा, याच नाटकाच्या तालमीत कळले. दादाला ते तेव्हाच कळले असावे. नोकरी लागताच तो पुण्याला गेला, आणि सायकल मागे ठेवून गेला.

नाटक आपल्या आयुष्यावर असे तंतोतंत बसवणे मला एरवी आवडत नाही. परंतु विल्यम्स यांनी स्वतःच यात जी हेराफेरी केली आहे ती सांगण्यासारखी आहे. त्यांचे वडील कॉर्नेलियस काही काळ टेलिफोन कंपनीत होते, हे खरे. पुढे ते बुटांच्या कंपनीचे फिरते विक्रेते झाले आणि १९१८ मध्ये त्याच कंपनीच्या कचेरीतल्या नोकरीसाठी कुटुंबासह सेंट लुईसला आले. म्हणजे ज्या शहरात नाटक घडते त्या शहरात लेखकाचा बाप घरातच होता. पिणारा, तापट, मुलाशी न जमणारा, पण घरात असलेला. नाटक लिहिताना मुलाने त्याला घराबाहेर काढले आणि भिंतीवर टांगले. समोर बसलेला बाप कितीही कठोर असला तरी त्याला खोकला येतो, त्याचा चश्मा सापडत नाही, तो म्हातारा होतो. फोटोतल्या माणसाला यांपैकी काहीच होत नाही. त्याचे हसू सोळा वर्षांत एक रेघभरही कमी झालेले नाही. टॉमला राग येतो तो नेमका त्या हसण्याचा. आणि अमँडा त्याच हसण्याकडे बोट दाखवून, तुमच्या वडिलांकडे मोहकपणा मात्र भरपूर होता, असे मुलीला सांगते. पाहुण्या जिमलाही ती त्या फोटोची ओळख थट्टेच्या सुरात करून देते. नवरा टाकून गेला ही गोष्ट परक्यासमोर विनोद म्हणून सांगता येण्याइतकी तिने ती घासून गुळगुळीत केली आहे.

मराठी रंगभूमीवर घर सोडून चालता झालेला बाप माझ्या पाहण्यात फारसा आलेला नाही. आपल्या नाटकातला बाप घर बुडवतो तो बहुधा घरात राहून. 'एकच प्याला'तला सुधाकर उंबरठ्याच्या आतच सर्वस्व घालवतो. जो बाप नसतो तो मेलेला असतो, आणि अशा बापाचे उत्तम नाटक म्हणून मला महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' आठवते. १९८५ मध्ये विजया मेहता यांनी ते रंगमंचावर आणले. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारलेले आहेत आणि पडदा उघडतो तो दुखवट्याच्या घरावर. तिथेही बाप दिसत नाही आणि तिथेही त्याच्यावाचून एक पान हलत नाही. तेराव्याचा थाट गावाला शोभेलसा करायचा तर पैसा कुठून आणायचा, मुंबईच्या भावाने किती घालायचे, सोने कोणाकडे राहणार, या सगळ्या भांडणांत तात्याजींची प्रतिष्ठा मध्यभागी बसलेली असते, आणि अंगणात एक ट्रॅक्टर गंजत उभा असतो. शिक्षण अर्धवट राहिलेली प्रभा, घरगड्यासारखा राबणारा चंदू, ही तात्याजींनी घेतलेल्या निर्णयांची जिवंत रूपे आहेत. ते गेले तरी निर्णय मागे राहिलेच.

तरीही या दोन घरांत मला मोठा फरक वाटतो. मेलेल्या बापाच्या घराला निदान वेळापत्रक असते. दहावा कधी, तेरावा कधी, कोणी काय नेसायचे, कोणी कुठे बसायचे, हे ठरलेले असते आणि भांडायचे तेही त्या चौकटीत भांडता येते. चालत्या झालेल्या माणसाच्या घराला दहावा नाही की तेरावा नाही. आमच्या आईने कुंकू लावायचे की नाही हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, पण हळदीकुंकवाला तिच्या कपाळाकडे पाहणाऱ्या बायकांच्या नजरेत तो असे. सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला कायद्याने मृत धरता येते, असे मामाने वकिलाला विचारून आणले होते. रेशनकार्डापासून खोलीच्या भाडेपावतीपर्यंत सगळे सुरळीत झाले असते. आई मशीन चालवत होती. ती थांबली नाही. "माणूस जिता असंल तर?" एवढेच तिने विचारले, आणि मामा कागद घेऊन परत गेला.

माणूस जिता होता. अण्णा बाराव्या वर्षी परत आले, थंडीच्या दिवसांत, हातात एक नायलॉनची पिशवी घेऊन. दारात चप्पल काढून ते उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी मिळेल का?" इतकी वर्षे आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट ज्याच्या नावाने होत होती किंवा होत नव्हती, तो हा माणूस खांद्याने माझ्यापेक्षा बुटका होता. दादा पुण्याहून आला. बारा वर्षे मनात जुळवलेले भांडण घेऊन आला असणार. रात्रभर अण्णांच्या समोर बसला आणि सकाळी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. दोन वर्षांनी अण्णा वारले. आता त्यांचा फोटो भिंतीवर आहे, त्याला हार आहे, आणि ते फोटोत हसत नाहीत.

तर आमच्या नाटकातल्या फोटोला हार न घालताही तो माणूस जिवंत आहे हे पहिल्या मिनिटाला कळायला हवे होते. दिग्दर्शकाने आधी तो मधल्या भिंतीवर, मूळ नाटकाप्रमाणे सर्वांत मानाच्या जागी लावला होता. सोलापूरच्या प्रेक्षकाला तिथे फक्त दिवंगत दिसणार हे उघड होते. बरीच फिरवाफिरव केल्यावर तो दाराजवळ, दिनदर्शिकेच्या शेजारी लावला, त्याच्याखाली हातभर आरसा टांगला आणि आरशाखालच्या फळीवर मी एक कंगवा ठेवला. मेलेल्या माणसाच्या फोटोखाली कोणी कंगवा ठेवत नाही. शिवाय मुलाचे काम करणारा नट बाहेर पडताना दर वेळी तिथे थांबून भांग पाडू लागला, आणि वरच्या चेहऱ्याखाली खालचा चेहरा येऊ लागला. ही कल्पना कोणाची यावर आमच्यात अजून वाद आहे. माझी आहे.

पहिल्या प्रयोगाला मी आईला घेऊन गेले. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, ऐकू कमी येते, म्हणून तिला दुसऱ्या रांगेत कडेला बसवले. विंगेतून मला रंगमंचही दिसत होता आणि तीही. ट्रंकेच्या कोटीला सभागृह हसले, ती हसली नाही; कदाचित ऐकू आले नसेल. शेवटी नाटकातली आई आत जाताना क्षणभर त्या फोटोकडे पाहते, ही मूळ नाटकातली सूचना आमच्या बाईंनी सुरेख पाळली. घरी परतताना रिक्षात आई पुलापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईच्या शर्टाच्या बाह्या लोंबत होत्या."

मी म्हटले, शर्ट मोठा आहे, तो नवऱ्याचा आहे हे कळावे म्हणून तसे ठेवले आहे.

"ते कळालं की. पण काम करताना लोंबत्या बाह्या कोण ठेवतंय? पाण्यात जातात, इस्तवात जातात. दुमडायच्या. दोन घड्या इथपर्यंत." तिने माझा हात धरून कोपराच्या खाली बोटाने रेघ दाखवली.

दुसऱ्या प्रयोगाआधी मी त्या बाह्या तिथपर्यंत दुमडल्या आणि सुटू नयेत म्हणून आतून दोन टाके घातले.